पाणी गार पडल्यावर

डिसेंबर संपत आला की वर्तमानपत्रांत एक बातमी ठरलेली असते : महाबळेश्वरात वेण्णा तलावाच्या काठी दवबिंदू गोठले. सोबतच्या फोटोत जेटीच्या फळ्यांवर पांढरा थर, उभ्या गाड्यांच्या टपांवर तोच, आणि स्ट्रॉबेरीच्या पानांच्या कडांना बर्फाची किनार. पहाटे कानटोप्या घालून पोचलेले पर्यटक ते हिमकण नखाने खरवडून एकमेकांना दाखवत असतात. सातारा जिल्ह्यातला बर्फ म्हणजे एवढाच, आणि तोही ऊन वर आलं की संपला. पण त्याच फोटोत आणखी एक गोष्ट असते, तिच्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. जेटीवर बर्फ असतो आणि जेटीखालचं पाणी खुशाल हलत असतं. वर त्याच्यावरून वाफा निघत असतात.

कारण साधं आहे. निरभ्र रात्री पत्रा, लाकूड, पान यांची ऊब भराभर आकाशाकडे निघून जाते. आजूबाजूच्या उतारांवरची गार, जड हवा तळ्याच्या खळग्यात येऊन बसते आणि पडलेलं दव जागच्या जागी गोठतं. पाणी इतक्या सहजी हार मानत नाही. वरचा थर गार झाला की तो जड होऊन खाली जातो, खालचं ऊबदार पाणी वर येतं, म्हणजे अख्खं तळं गार केल्याशिवाय थंडीला पृष्ठभाग ताब्यात घेता येत नाही. साताऱ्याच्या आप्पासाहेब महाराजांनी १८४२ मध्ये बांधून घेतलेल्या या तलावात तेवढं पाणी आहे, आणि आपल्या थंडीत तेवढा जोर नाही. त्यामुळे बर्फाला भोक पाडून गळ टाकायचा योग सातारा-सांगलीकराच्या नशिबात नाही.

मात्र त्या पाण्याखाली जे मासे आहेत त्यांना हिवाळा कळतो. वेण्णा तलावातल्या माशाला कळतो, कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयातल्याला कळतो, आणि कृष्णा वाई, कऱ्हाड, भिलवडी करत सांगलीला पोचेपर्यंत तिच्या प्रत्येक डोहातल्या माशाला कळतो. दिवाळीपासून होळीपर्यंत त्यांच्या वागण्यात जे बदल होतात, ते फिनलंड, रशिया किंवा अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या गोठलेल्या तळ्यांतल्या बदलांशी आश्चर्य वाटावं इतके जुळतात. फरक पडतो तो शेवटच्या टप्प्यात, आणि तो निसर्गाने केलेला नाही.

आधी त्या बर्फाच्या तळ्यांचं बघू. पाणी ४ अंश सेल्सिअसला सर्वांत जड असतं. त्याहून गार झालेलं पाणी हलकं होऊन वर राहतं आणि तिथेच गोठतं. म्हणून बर्फ वर आणि तळाशी ४ अंशांचं द्रव पाणी, अशी रचना तयार होते. हे नसतं तर तळी खालून वर गोठत गेली असती आणि त्यांत मासे उरलेच नसते. बर्फ सुमारे १० सेंटिमीटर जाड झाला की माणूस त्यावर चालू शकतो, आणि मग तिथल्या हौशी लोकांचा हंगाम सुरू होतो. स्क्रूसारखं फिरवायचं गिरमिट, वीतभर व्यासाचं भोक, आखूड दांडी, बसायला स्टूल.

या हंगामाचे तीन भाग तिथला पोरगासुद्धा सांगतो. पहिला बर्फ पडतो तेव्हा मासे चपळ असतात. पाण्यात प्राणवायू भरपूर, काठच्या पाणवनस्पती अजून हिरव्या, पर्च आणि वॉलआय जातीचे मासे उथळ पाण्यात खात फिरतात. मग भर हिवाळा येतो. बर्फावर हिमाचा थर बसला की खाली उजेड पोचत नाही, वनस्पती मरतात, कुजतात, आणि त्या कुजण्यात तळाचा प्राणवायू संपत जातो. मासे खोल डोह सोडून मधल्या थरात येऊन तरंगत राहतात. समोरून गेलेलं आमिषही चाखून सोडून देतात. शेवटचा टप्पा बर्फ वितळू लागला की येतो. ओढ्यांतून ताजं पाणी येतं, उजेड परततो, आणि विणीच्या तयारीला लागलेले मासे पुन्हा काठाकडे सरकतात. पट्टीचे मासेमार याच दिवसांची वाट बघतात, आणि बर्फ पातळ झाल्यामुळे सर्वांत जास्त माणसं बुडतात तीही याच दिवसांत.

भारतात असं चित्र बघायचं तर काश्मीरला जावं लागतं. श्रीनगरच्या आंचर सरोवरात थंडीत मासेमार होडीच्या टोकाशी बसून डोक्यावरून आणि होडीच्या कडेवरून घोंगडी, पेंढा घेतात. त्या अंधारातून पाण्यात बघत, तळाशी सुस्तावलेला मासा दिसला की भाला मारतात. साताऱ्यात तापोळ्याला मिनी काश्मीर म्हणायची पद्धत आहे. शिवसागराच्या त्या टोकाला डोंगर, पाणी आणि थंडी तिन्ही गोष्टी असल्या, तरी घोंगडी पांघरून भाला मारणारं तिथे कुणी नाही.

आता आपली नदी.

भिलवडीचा दगडी घाट कृष्णेवरच्या देखण्या घाटांपैकी एक. पौषातल्या सकाळी तिथे गेलं की नदी दिसतच नाही, दिसतं ते धुकं. हवेपेक्षा पाणी ऊबदार असल्यामुळे निघणारी ही वाफ आठ-साडेआठपर्यंत पाण्यावर रेंगाळते. अशाच एका सकाळी त्या धुक्यातून ट्रकच्या ट्यूबवर बसलेले एक वयस्कर गृहस्थ हाताने पाणी मारत काठाला आले. रात्री लावलेली जाळी मांडीवर गोळा करून घेतलेली.

‘गावलं का काय मामा?’

‘कसलं गावतंय. पाणी गार पडलंय. मासा हलंना झालाय.’

‘मग कधी हलायचा?’

‘ऊन चढू दे. अकराच्या म्होरं बघू.’

जाळ्यात होत्या चार चिलाप्या आणि एक हाताएवढा मृगळ. मामा बोटांवर फुंकर घालून तंगूस सोडवत होते. चिलापीच्या पाठीवरचे काटे उभे असतात, ते बोटात घुसतात, म्हणून आधी डोक्याकडून पंजा फिरवून पंख दाबायचा, मग कल्ल्यात अडकलेला धागा एकेक करून मागे काढायचा. उन्हाळ्यात हेच करताना मासा तडफडून जाळं फाडतो. त्या दिवशीची चिलापी हातात येऊनही नुसते कल्ले उघडझाप करत होती. मामांनी सांगितलेलं शास्त्र समोर मांडीवरच पडलं होतं.

मासा आपल्या शरीराची ऊब स्वतः तयार करून टिकवत नाही. पाणी जितकं तापेल तितकं त्याचं रक्त तापतं. तापमान १० अंशांनी उतरलं की शरीरातल्या रासायनिक क्रियांचा वेग साधारण निम्म्यावर येतो. पचन मंदावतं, म्हणजे पोट रिकामं व्हायला वेळ लागतो, म्हणजे भूकही उशिरा लागते. उपाशी राहण्याचा हा प्रकार नाही; खर्चच कमी झाल्यामुळे कमाईची घाई उरत नाही. थंडीत पेशींच्या आवरणातल्या चरबीचा प्रकारही मासा बदलतो, घट्ट न होणारी चरबी वाढवतो. त्यासाठी मात्र त्याला दिवस लागतात. दोन-तीन रात्रींत पारा झरकन उतरला तर मासे एकदम थिजतात, आणि तेवढीच थंडी आठवडाभर टिकली तर पुन्हा थोडे हलू लागतात, ते यामुळे.

पण ‘मासा’ असं एकवचनी बोलून भागत नाही. एकाच डोहात प्रत्येकाचा हिवाळा वेगळा असतो. कटला, रोहू आणि मृगळ हे प्रामुख्याने गंगेच्या खोऱ्यातले. धरणांत, तलावांत बोटुकली सोडून इथे वाढवलेले. त्यांना २५ ते ३२ अंशांचं पाणी मानवतं. पाणी विशीच्या खाली गेलं की त्यांचं खाणं आणि वाढणं दोन्ही जवळजवळ थांबतं. शेततळ्यात मासे पाळणारे शेतकरी म्हणूनच डिसेंबर-जानेवारीत खाद्य कमी करतात. न खाल्लेली पेंड तळाशी कुजते आणि वरून पैसे जातात ते वेगळेच. चिलापी आफ्रिकेतली. तिचं खाणं १६-१७ अंशांना बंद होतं आणि १०-१२ अंशांना ती मरते. कृष्णेचं पाणी इतकं गार होत नाही, म्हणून तर तिने इथे बस्तान मांडलं. मिनेसोटात तिला पहिला हिवाळाही निघाला नसता.

मरळ आणखी निराळा. त्याला पाण्यातला प्राणवायू पुरत नाही, वर येऊन हवा गिळावी लागते. उन्हाळ्यात तो वरचेवर ‘बुडुक’ करून तोंड वर काढतो आणि गळवाल्याला आपला पत्ता देतो. गार पाण्यात गरज कमी झाल्यामुळे या फेऱ्या विरळ होतात. दुपारी काठच्या उथळ गवतात तो उन्हाला येऊन पडतो खरा, पण बेडकीचं आमिष नाकासमोरून नेलं तरी हलायचा भरवसा नाही. वाम दगडांच्या कपारीत शिरते. शिंगटा आणि त्याच्या जातीचे मिशीवाले मासे मुळातच रात्रीचे, तळाशी मिशांनी चाचपत खाणारे. त्यांचा फेरा थंडीत आखूड होतो, पण थांबत नाही.

आणि मग सायप्रिनस. हा तोच मासा, जो युरोपातल्या तळ्यांत बर्फाखाली हिवाळा काढतो. भारतात त्याची एक जात १९३९ मध्ये श्रीलंकेतून निलगिरीत आली, दुसरी १९५७ मध्ये बँकॉकहून कटकला आली आणि तिथून देशभर पसरली. इतर मासे गारठून बसलेले असताना याची वीण चालू होते. जानेवारी ते मार्च या काळात सायप्रिनसची मादी काठच्या पाणवनस्पतींवर चिकट अंडी टाकते. पुन्हा एकदा पावसाळ्यात टाकते. रोहू-कटल्याला विणीसाठी आषाढाचा गढूळ पूर लागतो, याला संक्रांतीचं ऊन पुरतं. बर्फाच्या देशांतही असा एक उलट्या चालीचा आहे : बर्बॉट, समुद्रातल्या कॉड माशाचा गोड्या पाण्यातला भाऊबंद. तो भर हिवाळ्यात बर्फाखालीच विणतो. सगळ्यांनी अंग चोरलेलं असताना अंडी टाकली तर ती खाणारेही सुस्त असतात, हा त्यातला हिशेब.

कटला, रोहू, मृगळ, चिलापी, सायप्रिनस हे सगळे बाहेरून आलेले. कृष्णेचे म्हणावेत असे जुने मासे आता जाळ्यात कमी दिसतात. १८३९ मध्ये कर्नल विल्यम सायक्स या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनच्या माशांचं वर्णन लंडनला प्रसिद्ध केलं. काठच्या लोकांनी सांगितलेली नावं त्याने तशीच शास्त्रीय नावांत घेतली : खुद्री, मुल्ल्या, कोलुस, नुक्ता. यातला खुद्री म्हणजे आपला महसीर, आणि मुल्ल्या म्हणजे दगडाला पोटाने चिकटून राहणारा बोटभर मळ्या. या माशांचा हिवाळा वाहत्या, थंड, स्वच्छ पाण्यातला होता. दगडांवरचं शेवाळ खरवडून खाणारा मळ्या जानेवारीतही कामावर असे, कारण पाणी निवळलेलं, ऊन तळापर्यंत पोचलेलं, शेवाळ ताजं. आजही वाईच्या वरच्या अंगाला किंवा कोयनेला मिळणाऱ्या ओढ्यांत तो हिवाळ्याच्या दुपारी दगडावर दिसतो. खाली सांगलीकडे मात्र नदीचं वाहणंच बदललं आहे.

पाऊस ओसरला की कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांना बरगे बसतात. दगडी खांबांच्या खाचांत एकावर एक फळ्या सरकवायच्या, मध्ये माती भरायची, की मागे पाणी तुंबतं. पावसाच्या तोंडावर ते पुन्हा काढतात. माशाच्या दृष्टीने बरगे बसणं ही हिवाळ्याच्या आरंभाची खरी खूण. आषाढात चढणीला लागलेला, ओढ्या-नाल्यांत घुसलेला मासा आश्विनात पाण्याबरोबर नदीत परततो आणि तोवर नदीची तळी झालेली असतात. दिवाळीच्या सुमारास तो अंगाने भरलेला असतो. पावसाळाभर वाहून आलेल्या किड्या-अळ्यांवर पोसलेला. पाणी निवळायला लागतं, पण अजून गार पडलेलं नसतं. हे आपले पहिल्या बर्फाचे दिवस. घाटावर भडंगाचे चार चुरमुरे टाकले की तोंडांची झुंबड उडते. पौषात त्याच पायरीवरून तेवढेच टाकून बघावेत : चुरमुरे भिजून फुगतात, वाहत जातात, आणि मग कुठे एखादा खवल्या खालून येऊन एक ओढून नेतो.

पाणी निवळण्याची एक बाजू मासेमाराला नडते. स्वच्छ पाण्यात दिवसा माशाला जाळ्याचा धागा दिसतो. म्हणून थंडीत जाळी संध्याकाळी लावून पहाटे काढायची, म्हणजे हाडं गोठवणाऱ्या वेळेलाच पाण्यात उतरायचं. त्यात आडवं लावलेलं जाळं मासा स्वतः चालत येऊन अडकेल या आशेवर असतं, आणि मासा तर चालेनासा झालेला. याउलट दोघातिघांनी डोहातून ओढायच्या जाळ्याला हेच दिवस सोन्याचे. गारठलेले मासे खोल, ऊबदार जागी दाटीने बसतात आणि पळायला त्यांच्या अंगात जोर नसतो. एकाच आठवड्यात एक जण ‘नदीत मासाच नाही’ म्हणतो आणि दुसऱ्याची पाटी भरते, ती यामुळे. गळवाल्यांचा मुक्काम तेव्हा बंधाऱ्याखाली असतो. बरग्यांच्या फटींतून गळणारं पाणी खाली पडताना हवा घेऊन येतं, त्या फेसाच्या कडेला बारके मासे जमतात, आणि त्यांच्या मागे मोठे. गळाला कणकेचा मोठा गोळा लावणारा तिथे दिवसभर बसून राहतो. गांडुळाचा नखाएवढा तुकडा लावणारा दुपारी बाराच्या सुमारास दोन-चार मासे काढून घरी जातो. गार पाण्यातल्या माशाला मोठा घास नको असतो.

दुपारच्या उन्हाची वाट बघणारा नदीत आणखी एक जण आहे. भिलवडी, औदुंबर, अंकलखोप या पट्ट्यात कृष्णेत मगरी आहेत. त्यांचंही रक्त पाण्याबरोबर तापतं आणि थिजतं, पण त्यांना माशासारखं पाण्यात अडकून राहायचं बंधन नाही. थंडीत त्या सकाळी दहाच्या पुढे मळीच्या काठावर येऊन तोंड उघडं टाकून पडतात. औदुंबरला दत्ताच्या दर्शनाला आलेले लोक पलीकडच्या काठावरचं हे दर्शनही घेऊन जातात. हिवाळ्यात मगर कमी खाते, उन्हात जास्त दिसते. ट्यूबवर बसून जाळी लावणाऱ्याला यातलं दुसरं सोयीचं वाटतं. निदान ती कुठे आहे ते कळतं.

धरणांतला हिवाळा नदीहून वेगळा. कोयनेचं धरण १०३ मीटर उंच, साठवण १०५ टीएमसीच्या घरात. एवढ्या खोल पाण्यात उन्हाळ्यात थर पडतात. वर तापलेलं हलकं पाणी, खाली गार, जड, प्राणवायू कमी असलेलं. दोघांची गाठभेट नाही. थंडीत वरचं पाणी गार होत खालच्याच्या पातळीला येतं, थर मोडतो, आणि वारा सुटला की पाणी वरखाली घुसळतं. तळाशी साठलेली खतं वर येतात, त्यावर सूक्ष्म शेवाळ आणि प्लवंग वाढतात, आणि कटल्यासारख्या वरच्या थरात खाणाऱ्या माशाची थंडी सरताना चंगळ होते. हे कळायला वेळ जातो, कारण घुसळणीनंतर लगेचचे दिवस उलटे असतात. खालचं निकृष्ट पाणी वर आल्याने मासा काही काळ बेचैन होतो. शिवसागराचा बराच काठ आता सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतो. २०१० मध्ये तो जाहीर झाला, आणि धरणात गाव गेलेल्यांच्या वाट्याला उरलेलं पाणीही नियमांच्या कुंपणात आलं. मासे कधी वर येतात हे ज्यांना पिढीजात माहीत आहे त्यांना जाळं टाकता येत नाही, ही तिथली जुनी सल आहे.

कोयनेच्या पाण्याचं खालच्या नदीवरही राज्य चालतं. कृष्णा लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसी पाणी पश्चिमेला, पोफळीच्या वीजगृहांकडे वळवायला परवानगी दिली. ते वाशिष्ठीतून समुद्राला मिळतं. पूर्वेकडे जे सुटतं ते कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला भेटून पुढे टेंभू, ताकारी, म्हैसाळ योजनांच्या पंपांना आणि सांगलीच्या नळांना पुरवायचं. म्हणजे आपल्या हिवाळ्यात नदीची पातळी चढते-उतरते ती आवर्तनाच्या वेळापत्रकाने. पाणी सुटलं की दोन दिवसांत डोहांतले मासे मोकळे होऊन पसरतात आणि जाळी रिकामी येतात. पाणी थांबलं की पुन्हा डोहात गोळा होतात. २०२३ च्या पावसाळ्यात कोयना पूर्ण भरलं नाही, तेव्हा सांगलीत नदी कोरडी पडली आणि सातारा विरुद्ध सांगली असं राजकारण पेटलं. त्या भांडणात पिण्याचं पाणी आणि ऊस यांचे हिशेब झाले. उरलेल्या डबक्यांत काय तडफडत होतं, हा मुद्दा कुणाच्या भाषणात आल्याचं आठवत नाही.

इथवर थंडीचं गणित निसर्ग आणि पाटबंधारे मिळून करतात. तिसरा भागीदार आहे साखर. सातारा-सांगलीचा गळीत हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो आणि शिमग्यापर्यंत रेटतो. म्हणजे नदी सर्वांत संथ आणि मासा सर्वांत सुस्त, नेमक्या त्याच चार-पाच महिन्यांत कारखान्यांची आणि आसवनींची धुराडी पेटलेली असतात. आसवनीतून मद्यार्क काढून घेतल्यावर जे काळं, उग्र वासाचं पाणी उरतं, ते प्रक्रिया न करता नदीत आलं तर काय होतं हे एका आकड्यावरून समजेल. नदीचं पाणी बरं म्हणायचं तर त्यातल्या कुजणाऱ्या द्रव्याला लागणारा प्राणवायू लिटरमागे ३ मिलिग्रॅमच्या आत असावा. या काळ्या पाण्यात तोच आकडा ४०,००० च्या वर जाऊ शकतो.

डिसेंबर-जानेवारीत असलं पाणी थोडंफार आलं तरी मासा निभावून नेतो. १५ अंशांच्या पाण्यात लिटरमागे १० मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांच्या पाण्यात साडेसात. पाणी गार असेतो साठा मोठा असतो आणि माशाची गरज लहान. ‘होळी जळाली, थंडी पळाली’ म्हणेपर्यंत दोन्ही बाजू फिरतात. फाल्गुनाच्या उन्हाने मासा जागा होतो, खायला लागतो, त्याचा श्वास वाढतो. त्याच वेळी पाण्यात प्राणवायू मावायचा कमी झालेला असतो आणि नदी आटलेली असते. सांडपाण्यावर पोसलेलं शेवाळ आणि जलपर्णी रात्रभर उरलासुरला प्राणवायू ओढतात. पहाटे चार ते सहा ही सर्वांत वाईट वेळ. मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडं उघडी टाकतात. अशा वेळी वरून एक लोट आला की झालं.

मार्च २०२३ मध्ये सांगलीजवळ हेच झालं. कृष्णेच्या काठाला मेलेल्या आणि मरणाऱ्या माशांचा खच लागला. लोकांनी पोत्यांनी भरून नेले. मळीमिश्रित सांडपाण्याकडे बोट दाखवलं गेलं, प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेलं. ही पहिली वेळ नव्हती, म्हणून तर काठच्या गावांत ‘यंदा कधी’ असं विचारायची पद्धत पडली आहे. बर्फाच्या देशांतही हिवाळ्याच्या शेवटी अशी सामूहिक मरणं होतात. उथळ तळ्यावर हिम जास्त दिवस टिकलं तर खालचा प्राणवायू संपतो, आणि बर्फ वितळल्यावर काठाला मेलेले मासे लागतात. तिथले लोक त्यासाठी तळ्यांत हवा सोडणारी यंत्रं बसवतात. त्यांच्या तळ्यावरचं झाकण आभाळातून पडतं. आपल्या नदीवरचं माणसाच्या हातचं आहे, त्यामुळे त्याची तारीखही साधारण सांगता येते : गळीत संपत आलं, आवर्तन लांबलं आणि ऊन पस्तिशीपार गेलं, की चार दिवस नदीवर पहारा ठेवावा. प्रदूषण नियंत्रण मंडळाचे नमुने बहुतेक वेळा मासे मेल्यावर घेतले जातात. मासे तोंड वर काढतात तेव्हाच, पहाटे, घेतले तर ते जास्त बोलके ठरतील. ट्यूबवरच्या मामांसारखी माणसं तेव्हा नदीत असतातच. त्यांच्या हातात एक प्राणवायू-मापक दिला तरी चालेल.

बाजारात या सगळ्याचे भाव वेगळ्याच पंचांगाने ठरतात. मार्गशीर्षातल्या गुरुवारांमुळे घरोघर मासळी बंद, त्यामुळे मासा कमी येत असूनही भाव फारसा चढत नाही. पौषात मांढरदेव, पालीच्या जत्रा. तेव्हा बोकडाला मागणी, माशाला नाही. संक्रांत उलटली की दर हलू लागतात आणि शिवरात्रीनंतर मासाही हलतो. खाणाऱ्याच्या दृष्टीने मात्र दिवाळीनंतरचे सहा आठवडे सर्वांत चांगले. पावसाळ्यात पोसलेल्या माशाच्या अंगावर तेव्हा चरबी असते, थंडीत ती हळूहळू खर्ची पडते, आणि फाल्गुनातला रोहू शिजल्यावर कोरडा लागतो. पाणी निवळल्यामुळे चिखलाचा वासही गेलेला असतो.

गाभोळी हवी असेल तर एरवी जूनपर्यंत थांबावं लागतं, आणि जूनमध्ये अंड्यांवर आलेला मासा खाऊ नये असं मला वाटतं. चढणीचा मासा मारून मारून ओढे रिकामे केले आपण. जानेवारी-फेब्रुवारीत मात्र मंडईत सायप्रिनसची पोटाने फुगलेली मादी मिळते. कृष्णेतल्या जुन्या माशांच्या जागा बळकावून बसलेला हा पाहुणा आहे, त्याची गाभोळी निर्धास्तपणे न्यावी. हळद, मीठ, लाल तिखट लावून तव्यावर, झाकण ठेवून, मंद आचेवर. घाई केली तर फुटते आणि तेल उडतं.